शंका-समाधान: इंटरनेट आहे, पण शेजारचा संगणक सापडत नाही

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत ‘इंटरनेट व्यवस्थित चालू आहे, तरीही’ हे शब्द कुठे ना कुठे आहेतच. दोन संगणकांवर इंटरनेट चालते याचा अर्थ एवढाच, की त्या दोघांना घराबाहेर जाण्याची वाट सापडली आहे. ते एकमेकांपर्यंत पोचू शकतात की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इंटरनेटचा वेग मोजून किंवा कंपनीच्या तक्रार क्रमांकावर ताटकळत राहून मिळत नाही. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी दोन्ही संगणक खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे पाहावे. त्यासाठी विंडोजमधील ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून त्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत (ipconfig), मध्ये जागा न सोडता टाइप करावा आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ (नेटवर्कवरील संगणकाचा पत्ता, म्हणजेच आयपी क्रमांक) व ‘डिफॉल्ट गेटवे’ (ज्या राउटरमधून बाहेर जायचे त्याचा क्रमांक) या दोन ओळींतील आकडे दोन्ही संगणकांवरून कागदावर उतरवून घ्यावेत. पुढील उत्तरांत हा कागद उपयोगी पडेल. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (सातारा): आमचे घर दुमजली आहे. तळमजल्यावर इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा आहे. वरच्या मजल्यावर रेंज येत नसल्यामुळे आम्ही बाजारातून दुसरा राउटर आणला, खालच्या डब्यापासून वरपर्यंत केबल नेली आणि दोन्हीकडे वाय-फायचे नाव व पासवर्ड एकच ठेवला. आता वर बसून खालच्या संगणकावरील फोल्डर नावाने उघडत नाही. आयपी क्रमांक टाकला तर मात्र उघडते. खालच्या संगणकावरून वरचा लॅपटॉप कोणत्याच प्रकारे सापडत नाही. लॅपटॉप खाली आणला की सगळे सुरळीत चालते. विंडोज नव्याने टाकून पाहिली, फरक पडला नाही. बिघाड कशात आहे?

उत्तर: बिघाड कशातच नाही. तुमच्या घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झाली आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बिनचूक काम करत आहेत. कंपनीने बसवलेला फायबरचा डबा प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो आणि त्याबरोबरच स्वतः राउटरचे कामही करतो, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक संगणकाला वेगवेगळा आयपी क्रमांक हा डबाच वाटतो. तुम्ही आणलेला दुसरा राउटरही त्याच कामासाठी बनवलेला आहे. खालून आलेली केबल त्याच्या ‘वॅन’ या वेगळ्या रंगाच्या खाचेत लावली, की खालचे सगळे घर त्याच्या लेखी ‘बाहेरचे जग’ होते आणि तो वरच्या मजल्यासाठी आपले स्वतंत्र नेटवर्क उभे करतो. कागदावर खालच्या संगणकाचा क्रमांक १९२.१६८.१ ने आणि वरच्या लॅपटॉपचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, म्हणजे तिसरा आकडा आणि गेटवे दोन्ही वेगळे असतील, तर निदान पक्के समजावे.

वाट एकाच बाजूने चालते, हे तुमचे निरीक्षण या निदानाला पूर्णपणे धरून आहे. वरून खाली जाणारी विनंती दुसऱ्या राउटरच्या दृष्टीने बाहेर जाणारी असते. तो तिच्यावर स्वतःचा क्रमांक घालून ती पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर लॅपटॉपकडे पोचते करतो. खालून वर येणारी विनंती मात्र त्याला बाहेरच्या अनोळखी माणसाची वाटते, म्हणून तो ती टाकून देतो; इंटरनेटवरील उपद्रवी मंडळींना अडवण्यासाठी त्याने नेमके हेच करायचे असते. नावाने फोल्डर न उघडण्याचे कारणही येथेच आहे. घरच्या नेटवर्कवर विंडोज दुसऱ्या संगणकाचे नाव शोधताना ‘या नावाचा कोणी आहे का’ अशी हाक सर्वांना देते, आणि राउटर ती हाक आपल्या हद्दीपलीकडे जाऊ देत नाही.

दोन्हीकडे वाय-फायचे नाव एकच ठेवल्यामुळे गोंधळ वाढला आहे. लॅपटॉप जिन्याच्या मधल्या टप्प्यावर असला, तर तो कधी खालच्या तर कधी वरच्या नेटवर्कला चिकटतो आणि प्रत्येक वेळी त्याचा क्रमांक बदलतो. वापरणाऱ्याला हे कळण्याचा काही मार्ग नसतो, त्यामुळे तोच प्रयोग सकाळी यशस्वी होतो आणि संध्याकाळी फसतो. अशा वेळी माणसाचा संशय विंडोजवर जाणे स्वाभाविक आहे.

उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरचे राउटरपण काढून घ्यावे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असल्यास तो निवडावा आणि राउटर पुन्हा सुरू करावा. मग तो खालच्याच नेटवर्कचे वाय-फाय वर पसरवण्यापुरता उरतो. हा पर्याय नसेल तर तेच काम हाताने करता येते, पण क्रम चुकवू नये. आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा लॅन (म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा) क्रमांक बदलून तो खालच्या नेटवर्कमधील, परंतु फायबरचा डबा जे क्रमांक वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा ठेवावा. समजा, डब्याचा क्रमांक १९२.१६८.१.१ आहे आणि तो १०० पासून पुढचे क्रमांक वाटतो, तर १९२.१६८.१.२ हा क्रमांक चालेल. त्यानंतर क्रमांक वाटणारी ‘डीएचसीपी’ ही सुविधा बंद करावी आणि शेवटी खालून आलेली केबल ‘वॅन’च्या खाचेतून काढून ‘लॅन’च्या कोणत्याही खाचेत लावावी. डीएचसीपी आधी बंद केले आणि क्रमांक बदलायचा राहिला, तर राउटरचे पान उघडणेच अवघड होऊन बसते आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून सगळे पहिल्यापासून करावे लागते. नवा क्रमांक राउटरच्या पाठीवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा.

बदल झाल्यावर लॅपटॉप वर ठेवून ‘आयपीकॉन्फिग’ पुन्हा पाहावे. आता दोन्ही संगणकांचा गेटवे एकच दिसेल. यानंतर वाय-फायचे नाव दोन्हीकडे सारखे ठेवण्यात काहीच अडचण नाही, उलट सोयच आहे. काही जण अशा परिस्थितीत ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करण्याचा (बाहेरून येणाऱ्या ठरावीक विनंत्या लॅपटॉपकडे वळवण्याचा) किंवा वरचा लॅपटॉप ‘डीएमझेड’मध्ये टाकण्याचा (बाहेरच्या सगळ्याच विनंत्यांना तो मोकळा ठेवण्याचा) सल्ला देतात. हा सल्ला माझ्या मते घरासाठी वाईट आहे, कारण त्याने दोन नेटवर्क एक होत नाहीत. मधल्या भिंतीला भोके मात्र पडतात.

प्रश्न (डोंबिवली): आमच्याकडे राउटर एकच आहे. माझा घरचा संगणक आणि पत्नीचा ऑफिसचा लॅपटॉप दोन्ही त्याच वाय-फायवर आहेत, आयपी क्रमांकाचे पहिले तीन आकडेही सारखे आहेत, तरीही पिंग केल्यास (एका संगणकावरून दुसऱ्याला ‘आहेस का’ असे विचारणारी कमांड दिल्यास) उत्तर येत नाही.

उत्तर: पिंगला उत्तर येत नाही यावरून संपर्क तुटला आहे असे ठरवू नये, कारण विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे संपर्क अडवणारा पहारेकरी, बऱ्याचदा पिंगला मुद्दाम उत्तर देत नाही. उत्तराऐवजी पडद्यावर येणारे शब्द मात्र नीट वाचावेत. दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर असताना ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे आले, तर बहुधा निरोप समोरच्या संगणकापर्यंत पोचला आहे आणि तेथील फायरवॉलने तो गिळला आहे. तुमच्याच संगणकाच्या क्रमांकाकडून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे आले, तर समोरचा संगणक वाय-फायवर सापडलाच नाही. तो झोपलेला आहे, त्याचा क्रमांक बदलला आहे, किंवा राउटर मध्ये आडवा येत आहे.

पहिल्या प्रकारात दोन्ही संगणकांवरील वाय-फायचे गुणधर्म उघडून नेटवर्कचा प्रकार पाहावा. नव्या वाय-फायला जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ समजते, म्हणजे तुम्ही रेल्वे स्थानकावर बसला आहात असे गृहीत धरून इतरांपासून लपून राहते. घरच्या वाय-फायसाठी तो ‘प्रायव्हेट’ करावा आणि प्रगत शेअरिंगच्या पानावर ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. एवढे करूनही संगणक ‘नेटवर्क’च्या खिडकीत दिसत नसेल, पण क्रमांक टाकून उघडत असेल, तर त्या संगणकावरील ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा सुरू आहे का ते पाहावे. आपले अस्तित्व इतरांना कळवण्याचे काम तिच्याकडे असते. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल, तर तिच्यातही घरचे नेटवर्क ‘विश्वासाचे’ म्हणून नोंदवावे लागते. फायरवॉल तपासणीपुरती दोन मिनिटे बंद करायला हरकत नाही, मात्र ती कायमची बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

दुसऱ्या प्रकारात दोघांपैकी एक जण पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे का, ते आधी पाहावे. त्यानंतर राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ अशा नावाची खूण चालू आहे का, ते शोधावे. ती चालू असेल तर वाय-फायवरील प्रत्येक यंत्राला इंटरनेट मिळते, पण शेजारचे यंत्र दिसत नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते ‘ऑफिसचा लॅपटॉप’ हे शब्द. कंपनीचे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) सुरू असताना अनेक लॅपटॉप घरच्या नेटवर्कशी बोलणेच बंद करतात आणि ही बंदी कंपनीने जाणीवपूर्वक घातलेली असते. व्हीपीएन तोडल्यावर संपर्क होत असेल, तर शोध तेथेच थांबवावा. त्या यंत्रावरील सेटिंग बदलण्याचा अधिकार तुमचा नाही आणि पत्नीचाही नाही.

प्रश्न (नाशिक): मी घरूनच करसल्लागाराचे काम करते. हिशेबाची फाइल एका संगणकावर ठेवून दुसऱ्यावरून वापरते. मुख्य संगणक बदलून विंडोज ११ घेतल्यापासून दुसरा संगणक नाव आणि पासवर्ड विचारतो. मी पिन टाकते, तो नाकारला जातो. पासवर्डची भानगडच बंद करता येईल का?

उत्तर: करता येते, पण तुम्ही करू नये. तुमच्या फाइलींत इतरांचे पॅन क्रमांक, बँक खाती आणि उत्पन्नाचे आकडे आहेत, आणि त्याच वाय-फायवर घरातल्या मुलांचे मोबाइल व येणाऱ्या-जाणाऱ्यांची यंत्रे असणार.

पिन नाकारला जाणे योग्यच आहे. पिन हा ज्या संगणकावर ठरवला त्या संगणकापुरताच असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला तो चालत नाही. तेथे खात्याचा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्याने लॉग-इन करणाऱ्या अनेकांना तो पासवर्ड आठवतही नाही, कारण रोज पिनच टाकलेला असतो. म्हणून माझा सल्ला असा, की मुख्य संगणकावर केवळ या कामासाठी एक साधे स्थानिक खाते उघडावे, त्याला ‘हिशेब’ अशा अर्थाचे इंग्रजी अक्षरांतील छोटे नाव आणि बऱ्यापैकी अवघड पासवर्ड द्यावा आणि ते खाते प्रशासकाचे ठेवू नये. पासवर्ड रिकामा ठेवून चालणार नाही. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

नंतर हिशेबाच्या फोल्डरवर या खात्याला परवानगी द्यावी आणि ती दोन ठिकाणी द्यावी लागते, हे लक्षात ठेवावे: एकदा ‘शेअरिंग’च्या पानावर आणि एकदा ‘सिक्युरिटी’च्या पानावर. दोन्हीकडच्या परवानग्या वेगळ्या असल्या तर जी अधिक कडक असेल ती लागू होते. फोल्डर उघडते पण नोंद जतन होत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसरे पान उघडलेलेच नसते. शेवटी दुसऱ्या संगणकावरील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून मुख्य संगणकाच्या नावाने साठवलेला जुना पासवर्ड काढून टाकावा, नाहीतर तो संगणक मुकाट्याने जुनाच पासवर्ड पुढे करत राहील. नाव विचारले जाईल तेव्हा मुख्य संगणकाचे नाव, बॅकस्लॅश आणि मग नव्या खात्याचे नाव, असे पूर्ण लिहावे.

प्रश्न (रत्नागिरी): वळवाच्या पावसात वीज गेली आणि परत आली. तेव्हापासून केबलने जोडलेल्या संगणकाचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. वाय-फायवरचे मोबाइल व्यवस्थित चालतात.

उत्तर: राउटरकडून क्रमांक मागूनही मिळाला नाही, की विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक धारण करते. मोबाइल चालतात त्या अर्थी राउटर क्रमांक वाटत आहे. क्रमांक फक्त या केबलवरून पोचत नाही. संगणकाच्या खाचेजवळचा दिवा लागतो का, ते पाहावे. मग केबल राउटरच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहावी, त्यानंतर दुसरी केबल आणि शेवटी त्याच केबलवर दुसरा संगणक, असे एका वेळी एकच बदलत जावे. कोकणात पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजांमुळे राउटरची एखादीच खाच किंवा संगणकाचे नेटवर्क कार्ड जळण्याचे प्रकार नेहमी घडतात. बाकीचे यंत्र धडधाकट राहते, म्हणून संशय येत नाही. संगणकाची खाच गेली असेल तर यूएसबीला लावायचे नेटवर्क ॲडॅप्टर हा स्वस्त उपाय आहे.

तुमच्या पत्रात केबल घरापासून अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत उघड्यावरून नेल्याचा उल्लेख आहे. तांब्याची केबल दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेणे टाळावे, कारण जवळपास वीज पडली तरी तिच्यात दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जातात. तेवढ्या अंतरात धातूची तार नसलेली फायबर केबल आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचे आणि विजेचे संकेत एकमेकांत बदलणाऱ्या डब्या) बसवून घ्यावेत.

प्रश्न (कोल्हापूर): दोन्ही संगणक आणि राउटर गिगाबिटचे आहेत, तरी लग्नाचे ४० जीबी चित्रीकरण एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायला तास लागतो. वेग सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाही.

उत्तर: ११ हा आकडाच निदान सांगतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११ ते १२ मेगाबाइट एवढाच वेग मिळतो. गिगाबिटवर, म्हणजे १००० मेगाबिटवर, तो ११० च्या आसपास जायला हवा, अर्थात हार्ड डिस्क तेवढी चपळ असेल तर. म्हणजे तुमची जोडणी कुठेतरी १०० मेगाबिटवर उतरली आहे. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादीतील एक तार टोकाला नीट दाबली गेली नसेल किंवा उंदराने कुरतडली असेल, तर संपर्क तुटत नाही, फक्त वेग गुपचूप दहा पटींनी घसरतो. विंडोजमध्ये इथरनेटच्या गुणधर्मांत ‘लिंक स्पीड’ दोन्ही संगणकांवर पाहावा. ज्यावर १०० दिसेल त्या बाजूची केबल बदलावी किंवा तिची टोके पुन्हा ठोकून घ्यावीत. नवी केबल ‘कॅट ५ई’ किंवा त्याच्या वरची असावी.

प्रश्न (मडगाव): घराला लागून आमचा छोटा छापखाना आहे. तेथील जुना स्कॅनर फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. नव्या संगणकावरून त्या एक्सपीवरचे फोल्डर उघडत नाही. ‘एसएमबी१’ सुरू करा, असे एकाने सुचवले आहे. करावे का?

उत्तर: करू नये. फाइली वाटून घेण्याची एसएमबी१ ही जुनी पद्धत आहे आणि एक्सपीला तेवढीच येते. तिच्यातील एका दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी१ एकतर मुळातच बसवली जात नाही किंवा वापरात नसेल तर आपोआप काढली जाते. एका स्कॅनरसाठी नव्या संगणकावर हे दार उघडणे परवडणारे नाही. एक्सपीची नेटवर्क केबल काढून टाकावी आणि स्कॅन केलेल्या फाइली पेन ड्राइव्हने न्याव्यात. काम रोजचेच असेल, तर जुने स्कॅनर नव्या विंडोजवर चालवणारी सॉफ्टवेअरे विकत मिळतात. तुमचे मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते पाहावे.

प्रश्न (पुणे): वाय-फायचा प्रिंटर दर काही दिवसांनी ‘ऑफलाइन’ दिसतो. काढून पुन्हा बसवला की चालतो.

उत्तर: राउटर बंद होऊन सुरू झाला, की प्रिंटरला नवा क्रमांक मिळतो आणि संगणक जुन्या क्रमांकावर कागद पाठवत राहतो. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या ठिकाणी प्रिंटरचा हार्डवेअर क्रमांक, म्हणजे मॅक ॲड्रेस, टाकून त्याला कायमचा एक आयपी क्रमांक राखून ठेवावा. मग संगणकावर प्रिंटर एकदाच नव्याने जोडावा, पण या वेळी ‘टीसीपी/आयपी’चा पर्याय निवडून तोच क्रमांक हाताने द्यावा. हीच युक्ती फाइली ठेवणाऱ्या संगणकासाठी वापरायची असेल, तर त्याच्या वाय-फाय सेटिंगमधील ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ (खऱ्याऐवजी बनावट हार्डवेअर क्रमांक दाखवण्याची सोय) घरच्या नेटवर्कपुरते बंद करावे, अन्यथा राउटर त्याला ओळखणार नाही आणि राखून ठेवलेला क्रमांक तसाच पडून राहील.